पगारचिठ्ठीवर कराची मांडणीही छापा

प्रति,
महाराष्ट्रातल्या कंपन्या, कारखाने, शिक्षणसंस्था, रुग्णालयं आणि सहकारी संस्था यांच्या पगार व लेखा विभागांत काम करणारे सर्वजण

स.न.वि.वि.

पगारदारांची आयकर विवरणपत्रं भरून देणं हे माझं काम. जून सरत आला की लोक फॉर्म 16, म्हणजे वर्षभरात कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, घेऊन येतात आणि खुर्चीत बसता बसता विचारतात, “मॅडम, एवढा टॅक्स कसा काय कापला?” ऑफिसात विचारलंत का, असं म्हटलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. “विचारलं. ते म्हणाले, सिस्टीमच कापते.”

ती सिस्टीम चालवणारे तुम्ही, म्हणून हे पत्र तुम्हाला. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. ज्या महिन्यात कुणाच्या पगारातून आयकर कापाल, त्या महिन्यात तो आकडा ज्या गणितातून आला ते गणितही त्या माणसाच्या हाती द्या. ‘टीडीएस’ (पगार देतानाच कापलेला कर) असा एक रकाना आणि त्यात एक आकडा, एवढ्याने कुणाला काही कळत नाही.

(या पत्रातली कलमं आणि फॉर्मचे क्रमांक 1961 च्या जुन्या कायद्यातले आहेत; नव्या कायद्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.) आयकर कायदा, 1961 च्या कलम 192 ने तुमच्यावर जे काम टाकलं ते तुम्हाला पाठ आहे, पण ज्याचा पगार कापला जातो त्याला ते कधी कुणी सांगितलेलंच नसतं. कर्मचाऱ्याचं वर्षभराचं पगाराचं उत्पन्न किती होईल याचा अंदाज करायचा, त्या वर्षाच्या दरांनी त्यावरचा कर काढायचा, त्यातून सरासरी दर काढायचा आणि पगार देताना त्या दराने रक्कम कापून ठेवायची. म्हणजे कापलेली रक्कम त्या एका महिन्याच्या पगारावर ठरत नाही, ती वर्षाच्या अंदाजावर ठरते. अंदाज बदलला की कपात बदलते, महिन्याचा पगार तोच असला तरी. ही एवढी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती गैरसमज होतात ते मी दर वर्षी बघते. कुणाला वाटतं आपण ‘15 टक्क्यांत’ आहोत, म्हणजे सगळ्या पगारावर 15 टक्के जाणार. कुणी ‘वरच्या स्लॅबमध्ये जाईन’ या धास्तीने बढतीच नको म्हणतो. हे लोक अडाणी नाहीत. त्यांच्यापुढे आकडेमोड कधी मांडलेलीच नाही.

ती मांडायला किती जागा लागते ते दाखवते. उदाहरणाला 2025-26 या आर्थिक वर्षाचे नव्या कररचनेचे दर घेते. वर्षाचा एकूण पगार 15,00,000 रुपये. त्यातून 75,000 ची प्रमाणित (पगारदाराला सरसकट मिळणारी) वजावट गेली, उरले 14,25,000. पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांच्या टप्प्यावर 5 टक्के, म्हणजे 20,000. आठ ते बारा लाखांवर 10 टक्के, म्हणजे 40,000. बाराच्या वरचे जे 2,25,000 उरले त्यांवर 15 टक्के, म्हणजे 33,750. बेरीज 93,750. त्यावर 4 टक्के उपकर (करावरचा जादा कर) 3,750. वर्षाचा कर 97,500 आणि महिन्याची कपात 8,125. झालं. आठ-नऊ ओळींत बसतं. ज्याला हे एकदा कागदावर दिसलं, त्याला कळतं की ‘15 टक्क्यांत’ असलेल्या माणसाचा कर त्याच्या एकूण पगाराच्या साडेसहा टक्केच आहे. मग तो बढतीला घाबरत नाही.

याच माणसाला ऑक्टोबरात 1,20,000 रुपये बोनस मिळाला असं धरू. त्याचं वर्षाचं उत्पन्न तेवढ्याने वाढलं आणि वाढलेला सगळा भाग 15 टक्क्यांच्या टप्प्यात पडला. वाढीव कर 18,000, उपकर 720, एकूण 18,720. आता हे 18,720 कधी कापायचे हे तुमच्या सॉफ्टवेअरच्या रचनेवर असतं. काही ठिकाणी बोनसच्या महिन्यातच सगळे कापतात, मग त्या महिन्यात 26,845 जातात आणि माणूस हादरतो. काही ठिकाणी ते उरलेल्या सहा महिन्यांत वाटून घेतात, मग दरमहा 3,120 जास्त जातात. दोन्हींत वर्षाचा कर तेवढाच. पण पहिल्या कार्यालयात ‘बोनसवर वेगळा, जास्त टॅक्स लागतो’ ही समजूत पक्की होते आणि दुसऱ्या कार्यालयात ‘दिवाळीनंतर काहीतरी गडबड झाली’ अशी कुजबुज सुरू होते. चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ पुरली असती: ‘ऑक्टोबरचा बोनस वर्षाच्या उत्पन्नात धरल्यामुळे कपात वाढली आहे.’

मांडणी दाखवली की चूकही सापडते, हा तर मोठाच फायदा. नव्या कररचनेत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87 ए ची सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून ही रेघ 12,75,000 वर येते. समजा वर्षाच्या मध्यात इन्क्रिमेंट लागलं आणि एकूण पगार 12,85,000 झाला. करपात्र उत्पन्न 12,10,000. टप्प्यांनी काढलेला कर 61,500 येतो, पण कायद्यात सीमांत सवलत आहे. 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा कर जास्त होता कामा नये. म्हणून कर 10,000 आणि उपकर 400. ही सवलत गणितात धरायची राहून गेली तर 10,400 च्या जागी 63,960 कापले जातील. कर्मचाऱ्याने हे ओळखायचं कसं? त्याच्या हातात नुसता आकडा आहे. तुमच्यातल्याही कुणाच्या लक्षात येईल ते बहुधा त्याने भांडण केल्यावरच.

आता नोकरी बदलणाऱ्यांकडे येते. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्याने येणाऱ्यांत हेच लोक सर्वांत जास्त असतात. एक मुलगी सप्टेंबरपर्यंत पहिल्या ठिकाणी महिना एक लाखावर काम करते. तिथल्या पगार विभागाने वर्षाचे 12,00,000 धरले, वजावटीनंतर 11,25,000 उरले, सूट लागली, कपात शून्य. ऑक्टोबरात ती दुसरीकडे महिना दीड लाखावर रुजू होते. तिथल्या विभागाने आपल्याकडच्या सहा महिन्यांचे 9,00,000 धरले, वजावटीनंतर 8,25,000 उरले, पुन्हा सूट, पुन्हा कपात शून्य. दोघांचीही बेरीज आपापल्या जागी बरोबर. पण त्या मुलीचं वर्षाचं उत्पन्न 15,00,000 आहे आणि त्यावरचा कर वर काढला तोच, 97,500 रुपये. जुलैत विवरणपत्र भरताना ही सगळी रक्कम तिला एकदम भरावी लागते. वर आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) न भरल्याबद्दल कलम 234 बी चं एप्रिलपासून दरमहा 1 टक्का व्याज, म्हणजे जुलैपर्यंतचे 3,900 रुपये. कलम 234 सी चं व्याज त्याहून वेगळं, कारण आगाऊ कराचे हप्तेही चुकले. बारा महिने नेमाने नोकरी केली, एक पैसा लपवला नाही, आणि शेवटी ‘करदायित्व थकवलं’ म्हणून व्याज भरायचं.

कायद्याने याची सोय केलेली आहे. कलम 192 च्या पोटकलम 2 प्रमाणे कर्मचारी आधीच्या मालकाकडचा पगार आणि तिथली कपात नव्या मालकाला फॉर्म 12 बी मध्ये कळवू शकतो. त्याने कळवलं की नव्या मालकाने ती रक्कम हिशेबात धरायची. त्या मुलीने ऑक्टोबरात हा फॉर्म दिला असता तर सहा महिने दरमहा 16,250 कापले गेले असते. ओझं तेवढंच, पण पेलता आलं असतं. मात्र फॉर्म देणं कर्मचाऱ्यावर सोडलेलं आहे आणि बावीस-पंचविशीतल्या मुलामुलींना फॉर्म 12 बी नावाचं काही असतं हे कळणार कुठून? रुजू होताना तुम्ही त्यांच्याकडून पासपोर्ट आकाराचे फोटो, जुनी पगारचिठ्ठी, कार्यमुक्तीचं पत्र, पॅन, आधार, बँकेचा रद्द धनादेश, सगळं घेता. त्याच गठ्ठ्यात हा फॉर्म ठेवा आणि तो कशासाठी आहे ते दोन वाक्यांत सांगा. ‘आधीचा पगार दाखवला नाही तर करमाफीची मर्यादा दोनदा धरली जाते आणि फरक तुम्हाला जुलैत व्याजासह भरावा लागतो.’ एवढं वाचून कुणीही फॉर्म भरेल.

नव्या-जुन्या कररचनेच्या (नवीत दर कमी पण वजावटी मोजक्या, जुनीत दर जास्त पण वजावटी बऱ्याच) निवडीबद्दलही असाच अर्धवट निरोप पोहोचतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 5 एप्रिल 2023 च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे की मालकाने दर वर्षी कर्मचाऱ्याला विचारायचं. त्याने काहीच कळवलं नाही तर नवी रचना धरायची. आणि हे कळवणं फक्त कपातीपुरतं असतं. धंद्याचं उत्पन्न नसलेला पगारदार विवरणपत्र मुदतीत भरताना दुसरी रचना निवडू शकतो. तरीही ‘एचआरला एकदा सांगितलं ना, आता बदलता येत नाही’ असं घट्ट धरून बसलेले लोक मला भेटतात. गृहकर्जाचं व्याज, घरभाड्याची वजावट, कलम 80 सी मधली करबचतीची गुंतवणूक असं बरंच काही असलेला माणूस एप्रिलच्या घाईत ईमेल वाचायचा राहिला म्हणून वर्षभर नव्या रचनेत कापला जातो आणि जुनी रचना त्याच्या फायद्याची होती हे त्याला कुणी सांगत नाही. दोन्ही रचनांतला त्याचा कर शेजारी शेजारी मांडून दाखवणं तुमच्या सॉफ्टवेअरला अवघड नाही.

जानेवारी ते मार्च हा काळ तुमच्यासाठीही त्रासाचा, हे मला माहीत आहे. प्रूफं येतात ती अर्धवट, भाडेपावतीवर सही नसते, भाडं वर्षाला लाखाच्या वर असूनही घरमालकाचा पॅन नसतो, विम्याची पावती गेल्या वर्षीची निघते. वजावटींचे तपशील आणि पुरावे द्यायचा फॉर्म 12 बीबी नीट भरून देणारे थोडेच. पण हे असं का होतं? एप्रिलमध्ये कर्मचारी डिक्लेरेशन भरतो तेव्हा त्याला वाटतं की आपण एक औपचारिकता पुरी करतोय. त्या कागदावर लिहिलेल्या प्रत्येक आकड्याने आपली दरमहाची कपात कमी होते आणि पुरावा दिला नाही तर ती सगळी शेवटच्या महिन्यांत वसूल होते, हे त्याला उमगलेलं नसतं. जुन्या रचनेत 20 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या कर्मचाऱ्याने 80 सी खाली दीड लाख लिहिले आणि पुरावा दिलाच नाही, तर वाढीव कर उपकरासह 31,200 होतो. जानेवारीत कळलं तर तीन पगारांतून 10,400 प्रमाणे जातो. मार्चमध्ये कळलं तर एकाच पगारातून सगळे 31,200. त्या महिन्यात घराचा हप्ता, मुलांच्या शाळेची नव्या वर्षाची फी, सगळं तोंडावर असतं. डिक्लेरेशनच्या कागदावरच हे उदाहरण छापलं तर लोक गुंतवणूक विचार करून लिहितील, प्रूफं वेळेत आणतील, आणि मार्चमधली तुमची धावपळही कमी होईल.

आणि एक वाक्य कृपा करून बोलणं थांबवा: ‘आता विंडो बंद झाली, रिटर्न भरून रिफंड घ्या.’ कलम 192 च्या पोटकलम 3 ने त्याच वर्षात आधी झालेली जास्त किंवा कमी कपात पुढच्या महिन्यांत वाढवून-घटवून जुळवायची मुभा तुम्हाला दिलेली आहे. वर्षाच्या मध्यात कुणी घर घेतलं, कुणाच्या आईवडिलांचा आरोग्यविमा सुरू झाला, तर कपात कमी करायला कायदा आड येत नाही. आड येते ती कार्यालयाच्या पोर्टलवर ठरवलेली तारीख, आणि ती तारीख तुमची आहे. ऑक्टोबर 2024 पासून तर फॉर्म 12 बीएए आला. मुदत ठेवीच्या व्याजावर बँकेने कापलेला कर किंवा इतरत्र गोळा झालेला कर कर्मचारी त्यात कळवू शकतो आणि तुम्ही तेवढी पगारातली कपात कमी करायची. हा फॉर्म आपणहून कर्मचाऱ्यांपुढे ठेवणारी कार्यालयं मला फार थोडी दिसली.

‘रिफंड घ्या’ म्हणणाऱ्याला ती गोष्ट छोटी वाटते. जूनच्या पगारातून जादा कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत हातात येईपर्यंत वर्ष उलटून जातं. सरकार परताव्यावर व्याज देतं ते दरमहा अर्धा टक्का, तेही मुदतीत विवरणपत्र भरलं तर पुढच्या एप्रिलपासूनचं. आधीच्या महिन्यांचं काहीच नाही. परताव्याची रक्कम ठरलेल्या कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर व्याजच मिळत नाही. उलट कर्मचाऱ्याकडून कमी भरणा झाला तर त्याच्याकडून दरमहा 1 टक्का घेतात. तेव्हा जास्त कापून ठेवणं म्हणजे ‘सेफ साइड’ असं जे तुमच्याकडे म्हणतात, ते सुरक्षित असतं कार्यालयापुरतं. असं का वागलं जातं तेही मला कळतं. कमी कापलं तर कलम 201 खाली दोष तुमच्यावर येतो, न कापलेल्या रकमेवर दरमहा 1 टक्का व्याज लागतं, तपासणीत उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. पण कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीवर प्रामाणिकपणे केलेला अंदाज पुढे चुकला, तर तो दुरुस्त करायची वाट याच कायद्यात आहे.

सर्वांत गंभीर विषय कापलेला पण न भरलेला कर. बहुतेक कार्यालयं पैसे वेळेवर भरतात, पण जी भरत नाहीत तिथल्या लोकांची अवस्था मी पाहिली आहे. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारजमा व्हायला हवा, मार्चचा 30 एप्रिलपर्यंत. मग तिमाहीचं 24 क्यू विवरण भरायचं, त्यातून तो कर्मचाऱ्याच्या पॅनवर जमा दिसतो आणि फॉर्म 26 एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, उमटतो. एका खासगी आस्थापनेतल्या काही जणांच्या चिठ्ठ्यांवर वर्षभर कपात होती आणि 26 एएस कोरा. विवरणपत्र भरल्यावर त्यांना कराची मागणी आली. जो कर त्यांच्या पगारातून आधीच गेला होता, तोच पुन्हा भरा अशी. कलम 205 सांगतं की मुळात कापला गेलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2015 आणि 2016 मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना तशा सूचनाही दिल्या की अशा मागणीची सक्तीने वसुली करू नये. पण मागणी आयकराच्या पोर्टलवर दिसत राहते, आणि ती निस्तरण्यासाठी कर्मचाऱ्याला पगारचिठ्ठ्या, बँकेचे उतारे गोळा करून अर्जामागून अर्ज करत बसावं लागतं. मालकासाठी कायदा कडक आहे. कापून न भरलेल्या रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज आणि 1961 च्या कायद्यात कलम 276 बी खाली तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरीचीही तरतूद होती. त्याने त्या कर्मचाऱ्याचं गेलेलं वर्ष भरून येत नाही.

लेखा विभागातला कारकून मालकाला पैसे भरायला भाग पाडू शकत नाही, हे मी समजू शकते. पण चिठ्ठीवर एक ओळ छापता येते: ‘जूनअखेरच्या तिमाहीचा आपला कर भरला असून 24 क्यू दाखल केलं आहे. 26 एएस पाहून खात्री करावी.’ जिथे भरणा झाला आहे तिथे ही ओळ लिहायला काहीच अडचण नाही. जिथे झाला नाही तिथे ती ओळ गायब असणं हीच कर्मचाऱ्यांना वेळेवर मिळालेली सूचना ठरेल.

फॉर्म 16 बद्दल थोडक्यात. तो 15 जूनपर्यंत द्यायचा असतो आणि उशिराबद्दल दिवसाला 500 रुपये दंडाची तरतूद आहे. नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो द्यावाच लागतो. ‘फुल अँड फायनल’ बाकी आहे, लॅपटॉप परत केलेला नाही, नोटीस पिरियड पूर्ण केला नाही, ही कारणं फॉर्म 16 अडवायला चालत नाहीत. ज्याचा कर कापला त्याचं ते प्रमाणपत्र आहे.

शिक्षणसंस्था आणि सहकारी संस्थांमध्ये थकबाकीचा प्रश्न वेगळाच. कित्येक वर्षांचा फरक एका वर्षात हातात पडतो आणि कर एकदम उडी मारतो. त्यासाठी कलम 89 ची सवलत आहे. ज्या वर्षांचा तो पैसा त्या वर्षांत वाटून पाहिलं तर जेवढा कर कमी झाला असता तेवढा दिलासा मिळतो. मात्र त्यासाठी फॉर्म 10 ई आयकराच्या पोर्टलवर भरावा लागतो. सरकारी आस्थापना, कंपन्या, सहकारी संस्था, स्थानिक संस्था, विद्यापीठं आणि संस्थांना ही सवलत कपात करतानाच धरण्याची परवानगी कायद्याने दिलेली आहे. तरी निवृत्तीला आलेले शिक्षक पूर्ण कर कापून घेऊन येतात आणि सवलत आहे हेच त्यांना माझ्याकडे कळतं. थकबाकीच्या बिलासोबत वर्षवार विभागणीचा तक्ता जोडून दिलात तर 10 ई भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. तो तक्ता नसेल तर जुनी पगारपत्रकं शोधत फिरावं लागतं.

चिठ्ठीवरच्या बाकीच्या कपातींविषयी फार लिहीत नाही, पण त्या वेगळ्या गटात दाखवा. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के हा कर्मचाऱ्याचा स्वतःचाच पैसा आहे. व्यवसाय कर राज्याचा आहे, वर्षाला 2,500 रुपयांच्या मर्यादेत, म्हणून तो बहुतेकांना महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 असा बसतो. यातलं आयकर काहीच नाही. सगळ्या कपाती एका स्तंभात एकाखाली एक छापल्या की लोक त्यांची बेरीज करून ‘माझा एवढा टॅक्स जातो’ म्हणत फिरतात आणि ती बेरीज माझ्यापुढे ठेवतात.

आता भाषेचं. तुमच्या कार्यालयात ही मांडणी समजा निघतच असेल, तर ती बहुधा इंग्रजीत आणि संक्षेपांनी भरलेली निघते. कारखान्यात करारानंतर चांगला पगार झालेला जुना कामगार, रुग्णालयातली वरिष्ठ परिचारिका, माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक, हे सगळे आज कराच्या टप्प्यात येतात. ते मराठीत हिशेब करतात, मराठीत बचत करतात. ‘वर्षाचा अंदाजे पगार’, ‘प्रमाणित वजावट’, ‘टप्प्यांनुसार कर’, ‘सूट’, ‘उपकर’, ‘आतापर्यंत कापलेला’, ‘उरलेला’, ‘उरलेले महिने’, ‘या महिन्याची कपात’. नऊ ओळी झाल्या. यातला एकही शब्द कुणाला अडणार नाही.

तुमच्यापैकी अनेकजण म्हणतील, एवढं दर महिन्याला कोण करणार? पगाराच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा तक्ता आतमध्ये तयार होतच असतो, नाहीतर कपातीचा आकडा निघालाच नसता. तो चिठ्ठीबरोबर पाठवायचा की नाही, एवढाच निर्णय बाकी असतो. जिथे वीस-पंचवीस माणसांचा पगार अजून एक्सेलमध्ये होतो, तिथे तर गणित समोर उघडंच असतं. दर महिन्याला जमत नसेल तर निदान तीन वेळा द्या: एप्रिलमध्ये अंदाज बांधताना, कपात बदलेल त्या महिन्यात कारणासह, आणि जानेवारीत प्रूफं तपासून झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये काय जाणार हे माणसाला आधी कळेल.

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू झाला आहे. पगारावरच्या कपातीचं कलम 192 आता 392 झालं. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही डोकं फिरवणारी जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. कपातीचं तत्त्व तेच राहिलं, पण कलमांचे उल्लेख असलेले तुमचे नमुने तुम्हाला तसेही नव्याने छापावे लागणार आहेत आणि सॉफ्टवेअरवाल्याला बोलवावंच लागणार आहे. तो आला की त्याला नऊ ओळींचा हा तक्ता पगारचिठ्ठीच्या मागच्या पानावर टाकायला सांगा. मराठी शब्द बसवताना काही अडलं, तर वरचे जसेच्या तसे घ्या.

आपली,
पगारदारांची विवरणपत्रं भरणारी एक करसल्लागार